बीम: तुळई, दांडी, झोत आणि शलाका

प्रश्न असा आहे: इंग्रजीतला ‘बीम’ हा शब्द छताच्या तुळईला लागतो, टॉर्चच्या झोताला लागतो, तराजूच्या दांडीला, जहाजाच्या रुंदीला आणि प्रयोगशाळेतल्या प्रोटॉनच्या धारेलाही लागतो. हे अर्थ योगायोगाने एकत्र आले, की त्यांच्यात काही नातं आहे? आणि मराठीत लिहिताना कुठे कोणता शब्द घ्यावा?

माझा मूळ धंदा इमारतींच्या सांगाड्याचं डिझाइन करण्याचा. तांत्रिक मजकुराची मराठी भाषांतरं तपासण्याचं काम नंतर मागे लागलं. तेव्हा तुळईबद्दल मी जरा जास्त बोलेन, ते चालवून घ्या.

थोडक्यात सांगायचं तर नातं आहे आणि ते आकाराचं आहे. लांब, सरळ, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे काहीतरी नेणारं, आणि अंगाला जाडी असलेलं. यातली जाडी लोकांच्या ध्यानात येत नाही. भूमितीतल्या रेषेला जाडी नसते, बीमला असते. लाकडाचा बीम असो, उजेडाचा असो की जहाजाचा, त्याचं बहुतेक शास्त्र त्या जाडीत असतं.

आधी शब्दाचं कूळ. जुन्या इंग्रजीत ‘बीम’ म्हणजे झाड. जमिनीत उभं, जिवंत झाड. जर्मन ‘बाउम’ आणि डच ‘बोम’ ही त्याची भावंडं, आणि त्यांचा अर्थ आजही झाड असाच आहे. शिडाच्या तळाशी असणारा आडवा दांडा किंवा क्रेनचा लांब हात, ज्याला आपण ‘बूम’ म्हणतो, तो हाच डच शब्द खलाशांच्या तोंडून इंग्रजीत आलेला. झाड तोडलं, फांद्या छाटल्या, खोड तासून चौकोनी केलं, तरी नाव झाडाचंच राहिलं. मग अशा तासलेल्या खोडापासून जे जे बनलं, त्या प्रत्येकाला ते नाव मिळत गेलं: नांगराचा हाळीस, मागाचा रूळ, तराजूची दांडी, जहाजाच्या डेकखालची आडवी लाकडं. हरणाच्या शिंगाच्या मुख्य दांड्यालाही इंग्रजीत बीमच म्हणतात, कारण उपशिंगं त्यावर फांद्यांसारखी फुटतात.

उजेडाचा अर्थ मात्र टॉर्च आणि सर्चलाइट आल्यावरचा असावा, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. ‘सनबीम’ या शब्दाचं जुनं रूप हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतच सापडतं. बायबलमध्ये इस्रायली लोकांना रात्री वाट दाखवणारा अग्निस्तंभ येतो. त्यातल्या लॅटिन ‘स्तंभा’साठी ओंडक्याचा शब्द योजला गेला आणि तिथून तो उजेडाला चिकटला, असा अभ्यासकांचा एक अंदाज आहे.

आपल्याकडेही हेच झालेलं आहे. संस्कृतात ‘रश्मि’ म्हणजे दोर, घोड्याचा लगाम, आणि किरणही. ‘अंशु’ म्हणजे तंतू आणि किरण. ‘कर’ म्हणजे हात आणि किरण, ‘पाद’ म्हणजे पाय आणि किरण. लॅटिनमध्ये ‘रेडियस’ म्हणजे चाकाचा आरा, त्यावरून किरणाचा इंग्रजी शब्द ‘रे’ आला. जर्मनमध्ये किरणाला जो शब्द आहे तो मुळात बाणाचा. आणि भौतिकशास्त्राच्या मराठी पुस्तकात बीमला जो शब्द आहे, ‘शलाका’, तो म्हणजे बारीक काडी किंवा सळई. डोळ्यांत अंजन घालायची काडी ती शलाका. उजेड हातात धरता येत नाही, म्हणून ज्याने त्याने हाताशी असलेली लांबट वस्तू त्याला दिली. इंग्रजांच्या हाताशी ओंडका होता, एवढाच फरक.

तराजूचंही तसंच. संस्कृतात ‘तुला’ म्हणजे तराजू आणि छताचं आडवं लाकूडसुद्धा. आपली तुळई, तुळवट त्याच कुळातली. म्हणजे दांडी आणि तुळई यांची इंग्रजीत पडलेली गाठ आपल्याकडे स्वतंत्रपणे आधीच पडलेली होती.

आता तुळई. दोन टेकूंवर फळी आडवी टाका आणि मध्ये उभे राहा. फळी खाली वाकते. वाकताना तिचा वरचा थर दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. मधे कुठेतरी एक थर असा असतो की ज्याला ताणही नाही आणि दाबही नाही. हे चित्र आज सोपं वाटतं, पण गॅलिलिओला ते पूर्ण सापडलं नव्हतं. १६३८ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याने भिंतीत खोचलेल्या तुळईचा प्रश्न मांडला आणि ताकद खोलीच्या, म्हणजे तुळईच्या उभ्या मापाच्या, वर्गाच्या पटीत वाढते हे अचूक सांगितलं. पण अख्खी तुळई ताणातच आहे आणि खालच्या कडेभोवती फिरते असं त्याने धरलं, त्यामुळे त्याच्या हिशेबात ताकद तिप्पट येते. दाब आणि ताण यांची वाटणी नीट लागायला अठरावं शतक उजाडलं. कुलोंबने १७७३ मध्ये ती बरोबर मांडली आणि नाव्हिएने १८२६ मध्ये तिला आज शिकवतात तो घाट दिला.

या चित्रातून निघणारा हिशेब असा. ५० मिलिमीटर जाड आणि २०० मिलिमीटर रुंद फळी घ्या. ती आडवी झोपवून टाकली आणि तीच कडेवर उभी करून टाकली, तर लाकूड तेच, वजन तेच. पण उभी केल्यावर ताकद चौपट होते आणि ताठपणा सोळापट. कारण ताकद खोलीच्या वर्गाने वाढते आणि ताठपणा घनाने. मधला थर फुकट बसलेला असतो, तेव्हा माल वर आणि खाली न्यावा आणि मधे फक्त जोडण्यापुरता ठेवावा, हा विचार पुढे नेला की इंग्रजी ‘आय’ अक्षरासारखा लोखंडी गर्डर तयार होतो. त्याच्या वरच्या-खालच्या पट्ट्या वाकण्याचं काम करतात, मधला उभा पत्रा त्यांना एकमेकांपासून लांब धरून ठेवतो आणि कातर झेलतो, म्हणजे बीमचा एक भाग शेजारच्या भागावरून खाली सरकवू पाहणारा जोर.

लांबीचा हिशेब उलट दिशेने तितकाच निर्दयी आहे. सारखा पसरलेला भार असेल आणि गाळा, म्हणजे दोन टेकूंमधलं अंतर, दुप्पट केला, तर झोल सोळापट होतो. घरमालक जेव्हा सांगतो की मधला एक खांब तेवढा काढून टाका, बीम थोडा जाड करा, तेव्हा त्या ‘थोड्या’त हे सोळापट लपलेलं असतं. आणि ज्याला साइटवर कन्सील्ड बीम म्हणतात, म्हणजे स्लॅबच्या जाडीतच लपवलेला बीम, त्याबद्दल माझं मत सरळ आहे: नाइलाज असेल तरच. ४५० मिलिमीटर खोलीचा बीम १५० च्या स्लॅबमध्ये लपवला तर त्याच रुंदीला ताठपणा सत्ताविसावा हिस्सा उरतो. सळई वाढवून ताकद थोडीफार भरून काढता येते, ताठपणा नाही. छत सपाट दिसतं खरं, पण काही वर्षांनी वरच्या मजल्याच्या भिंतींना तिरक्या भेगा जातात आणि मग रंगाऱ्याला दोष देतात.

काही वर्षांनी, असं म्हटलं त्याला कारण आहे. लाकूड आणि काँक्रीट दोन्ही सतत भाराखाली हळूहळू वाकत राहतात. पहिल्या दिवशी जेवढा झोल दिसतो तेवढाच पुन्हा, कधी त्याहून जास्त, पुढच्या काही वर्षांत वाढतो. पोलादात नेहमीच्या तापमानाला हे होत नाही. जुन्या लाकडी छताची तुळई मधे खाली आलेली दिसते म्हणून ती लगेच पडणार असं समजू नये. पण तिच्या टोकांकडे, जिथे ती भिंतीत शिरते, तिथे टोचून पाहावं. लाकूड कुजतं ते तिथे, ओल धरून.

आता जिथे जिवावर बेततं ती गोष्ट. बीमची एक बाजू दाबात आणि दुसरी ताणात असते, आणि काही मालांना ताण सोसत नाही. बीड हे असं लोखंड. दाबात उत्तम, ताणात अनेक पटींनी कमजोर, आणि तुटताना आधी वाकून इशाराही देत नाही. एकोणिसाव्या शतकात हे माहीत होतं. ईटन हॉजकिन्सनने प्रयोग करून दाखवलं होतं की बिडाच्या बीमची खालची पट्टी वरच्यापेक्षा सुमारे सहापट मोठी ठेवली तर माल नीट वापरला जातो. तरीही १८४७ मध्ये इंग्लंडात चेस्टरजवळ डी नदीवरच्या रेल्वेपुलाचा बिडाचा गर्डर आगगाडीखाली मोडला आणि पाच माणसं गेली. पुलाचा अभियंता होता रॉबर्ट स्टीफन्सन, त्या काळातला सगळ्यात मोठ्या नावांपैकी एक.

त्याहून वाईट प्रसंग हार्टलीच्या कोळसा खाणीचा. १७१२ च्या न्यूकोमेनच्या इंजिनापासून खाणीतलं पाणी उपसायला जी वाफेची इंजिनं आली, त्यांना बीम इंजिनच म्हणत. मधे टेकूवर झुलणारा प्रचंड दांडा, एका टोकाला दट्ट्या, दुसऱ्या टोकाला पंपाचा गज. आधी हे दांडे लाकडाचे होते, मग बिडाचे झाले. हार्टलीचा दांडा ४० टनांहून जड होता. १६ जानेवारी १८६२ ला तो मधून तुटला आणि त्याचा निम्मा भाग खाणीच्या विहिरीत कोसळला. खाणीला विहीर ती एकच. २०४ पुरुष आणि मुलगे दगावले, बहुतेक जण खालीच अडकून. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये कायदा झाला की खाणीला वर येण्याच्या दोन वाटा असल्याच पाहिजेत. तुटलेल्या बीमचं विश्लेषण करायला मला आवडतं, पण इथे जीव वाचले असते ते दुसऱ्या विहिरीमुळे, चांगल्या बिडामुळे नव्हे.

काँक्रीटही ताणात कच्चं. दाबात जेवढं सोसतं त्याच्या साधारण दहावा भागच ताणात सोसतं. म्हणून ताणाच्या बाजूला सळया घालायच्या. फ्रान्समधल्या एनेबिकने १८९२ मध्ये अशा बीमचं पेटंट घेतलं आणि ती पद्धत जगभर पसरली. काँक्रीट आणि पोलाद उष्णतेने जवळजवळ सारखंच प्रसरण पावतात हे नशीब. नाहीतर ही जोडी टिकली नसती. सळया कुठे घालायच्या हे मात्र बीम कसा टेकला आहे यावर अवलंबून. दोन टेकूंच्या मधे ताण खाली असतो. सज्जा किंवा बाल्कनी एका बाजूनेच धरलेली, तिथे ताण वर असतो, तेव्हा मुख्य सळई वर हवी. काँक्रीट ओतताना मजूर त्या जाळीवरून चालतात, सळया तुडवल्या जाऊन खाली बसतात, वरून कुणाला काही दिसत नाही. सेंटरिंग काढलं की बाल्कनी खाली येते, किंवा त्याहून वाईट म्हणजे लगेच न येता गर्दीच्या दिवशी येते. बीमच्या पोटातून पाइप न्यायचा असेल तर गाळ्याच्या मधल्या भागात आणि खोलीच्या मध्यावर लहानसं भोक एक वेळ चालतं, तेही डिझाइन करणाऱ्याला विचारून. टेकूजवळ कातर जास्त असतो, रिंगा दाट असतात त्या त्यासाठीच. तिथे ड्रिल लावू नका. आणि लाकडी तुळईच्या खालच्या कडेला खाच कधीही पाडू नका. चीर तिथून धाग्याच्या दिशेने पळत जाते.

तराजूबद्दल एवढंच: दांडी वाकली की माप बदलतं. म्हणून रसायनशाळेतल्या जुन्या नाजूक तराजूंची दांडी सरळ पट्टीची नसते, मधे उंच आणि आतून जाळीदार असते. हलकीही हवी आणि वाकायलाही नको. दांडी मधे एका धारदार टेकूवर तोललेली असते आणि पारडीही तशाच धारांवर टांगलेली असतात; मधली धार आणि दोन्ही पारड्यांच्या धारा एका रेषेत हव्यात. दांडीचा गुरुत्वमध्य मधल्या धारेच्या किंचित खाली ठेवतात. जितका जवळ तितका तराजू संवेदनशील, आणि तितकाच स्थिर व्हायला वेळ लावणारा. काटा मारणाऱ्याला यातलं काही शिकवावं लागत नाही. यंत्रमागावर ताण्याचं सूत ज्या मोठ्या रुळावर गुंडाळलेलं असतं त्यालाही बीमच म्हणतात आणि मराठीतही तोच शब्द रुळला आहे, तो बदलायची गरज नाही. जिम्नॅस्टिक्सचा बीम ५ मीटर लांब, १० सेंटिमीटर रुंद आणि जमिनीपासून १२५ सेंटिमीटर उंच. त्यावर माणसं कोलांट्या कशा मारतात हे माझ्या विषयाबाहेरचं.

जहाजाचा अर्थ मात्र थांबून पाहण्यासारखा आहे. लाकडी जहाजात डेक पेलायला एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत आडव्या तुळया टाकत. सगळ्यात लांब तुळई जेवढी, तेवढं जहाज रुंद, म्हणून जहाजाची रुंदी म्हणजे बीम. दिशाही त्यावरून आली: एखादी वस्तू ‘बीमवर’ आहे म्हणजे जहाजाच्या बरोबर काटकोनात, कुशीच्या बाजूला आहे. जहाज इतकं कललं की तुळयांची टोकं पाण्याला टेकू लागली, तर ते ‘बीमच्या टोकांवर’ आलं, म्हणजे बुडायच्या बेतात. ज्या माणसाचा मागचा घेर मोठा त्यालाही इंग्रजीत ‘बीमला रुंद’ म्हणतात, पण ते तोंडावर बोलू नये.

पनामा कालव्याच्या जुन्या झडपांतून जाणाऱ्या जहाजाचा बीम ३२.३१ मीटरच्या आत असावा लागे, आणि कित्येक दशकं जगातली जहाजं त्या आकड्यात बसवून बांधली गेली. २०१६ मध्ये मोठ्या झडपा सुरू झाल्या तेव्हा ती मर्यादा ४९ मीटरवर गेली. असं घट्ट मापात बसवायचं तर रुंदीला इतकं महत्त्व का, असं वाटेल. जहाज एका बाजूला कललं की ते परत सरळ होण्याचा जो जोर, त्याच्या हिशेबात पाण्याच्या पातळीवरच्या छेदाची रुंदी घनाने येते. चौकोनी तराफा घेतला तर सूत्र अक्षरशः तेच: लांबी गुणिले रुंदीचा घन, भागिले बारा. आमच्या फळीच्या ताठपणाचं सूत्र रुंदी गुणिले खोलीचा घन, भागिले बारा. मी पहिल्यांदा नौकाबांधणीचं पुस्तक उघडलं तेव्हा हे सूत्र तिथे भेटलं आणि ओळखीचा माणूस परगावी भेटावा तसं झालं.

आता उजेड. आधी एक फरक. किरण ही कागदावरची रेषा, शलाका हा किरणांचा जुडगा. किरण आखता येतो, दाखवता येत नाही. दाखवता येते ती शलाका किंवा झोत. आणि तीही दाखवायला हवेत काहीतरी लागतं. कौलातल्या फटीतून येणारा उजेडाचा खांब दिसतो तो धुळीमुळे. जॉन टिंडलने १८६० च्या दशकाच्या अखेरीस हवा जाळून, गाळून धूळमुक्त केली तेव्हा तिच्यातून जाणारा प्रखर झोत दिसेनासा झाला. जिथे झोत होता तिथे काळोख दिसू लागला. हवेत जंतू तरंगतात की नाही या त्या वेळच्या वादात त्याने हीच परीक्षा वापरली. सिनेमात खजिन्याच्या खोलीत लाल लेझर रेषा आरपार दिसतात, ते धूर सोडल्याशिवाय होत नाही.

ढगाच्या भोकातून पंख्यासारखे पसरलेले सूर्याचे झोत खरं तर एकमेकांना जवळजवळ समांतर असतात. ते दूर सूर्याकडे जुळताना दिसतात तो डोळ्याचा खेळ. कधीकधी सूर्याकडे पाठ करून उभं राहिलं तर समोरच्या क्षितिजावर तेच झोत पुन्हा एकत्र येताना दिसतात.

लाकडाचा बीम भाराने वाकतो, उजेडाचा बीम अंतराने पसरतो. आणि इथेही जाडीच कामाला येते, पण जरा अनपेक्षित रीतीने. उजेड लाट असल्यामुळे ज्या तोंडातून तो बाहेर पडतो ते जितकं अरुंद, तितका तो जास्त पसरतो. पसरण्याचा कोन साधारण तरंगलांबी भागिले तोंडाची रुंदी. हिरव्या लेझरचं तोंड एक मिलिमीटरचं असेल तर एक किलोमीटरवर त्याचा ठिपका अर्ध्या मीटरहून मोठा झालेला असतो. हाच लेझर चंद्राकडे रोखला तर तिथे पोहोचेपर्यंत शेकडो किलोमीटर रुंद होईल. म्हणून लांब जाणारा बारीक झोत हवा असेल तर सुरुवातीला तो जाड करावा लागतो. १९६९ मध्ये अपोलो ११ ने चंद्रावर परावर्तक ठेवले, त्यांवर लेझर मारून अंतर मोजताना झोत आधी दुर्बिणीतून उलटा पाठवून मीटरभराहून रुंद करतात, तेव्हा कुठे चंद्रावर त्याचा ठिपका काही किलोमीटरवर येतो. त्याहून लहान करू देत नाही ते पृथ्वीचं हलतं वातावरण. परत येणारे फोटॉन हाताच्या बोटांवर मोजावे असे, तरीही त्यांवरून चंद्र दरवर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटर दूर सरकतो हे कळलं.

लांब गाळ्याला खोल तुळई, लांब पल्ल्याला रुंद झोत. यामागचं भौतिकशास्त्र सर्वस्वी वेगळं आहे, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. पण लांबीची किंमत जाडीत मोजावी लागते हे दोन्हीकडे खरं.

रेडिओचा बीमही याच नियमाचा. १२ गिगाहर्ट्झला तरंगलांबी अडीच सेंटिमीटर; एक मीटरच्या तबकडीचा झोत पावणेदोन अंशांच्या आसपास अरुंद होतो, म्हणून छतावरची तबकडी वाऱ्याने थोडी हलली की चित्र जातं. १९३० च्या दशकात जर्मन लॉरेन्झ कंपनीने विमान उतरवायला दोन झोतांची युक्ती काढली. एका बाजूच्या झोतात टिंब ऐकू येत, दुसऱ्या बाजूच्या झोतात रेघा. दोन्ही जिथे एकमेकांवर चढतात तिथे अखंड सूर. वैमानिकाने सूर धरून यायचं. १९४० मध्ये हीच कल्पना जर्मनांनी रात्रीच्या बॉम्बफेकीसाठी इंग्लंडवर रोखली आणि इंग्रजांनी ते झोत बिघडवायची यंत्रणा उभी केली. इंग्रजीत चुकीच्या वाटेवरच्या माणसाला ‘बीमवरून ढळलेला’ म्हणतात, तो प्रयोग या वैमानिकी झोतांतून रूढ झाला. आजची विमानतळावरची यंत्रणाही तत्त्वाने तीच आहे. टिंब-रेघांऐवजी ९० आणि १५० हर्ट्झचे दोन सूर, आणि उतरण्याची वाट साधारण तीन अंशांची.

कणांच्या शलाकेबद्दल एकच आकडा देतो. जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेच्या २७ किलोमीटर परिघाच्या यंत्रात प्रोटॉनची शलाका फिरते. मूळ आराखड्याप्रमाणे एका शलाकेत सुमारे ३६० मेगाज्यूल ऊर्जा साठते. काम झालं की ती कुठेतरी थांबवावी लागते. त्यासाठी ग्राफाइटचा लांब ठोकळा ठेवला आहे आणि शलाका एका जागी न मारता त्यावर वेटोळं काढत फिरवतात, नाहीतर ग्राफाइटलाही भोक पडेल.

आता मराठीचा प्रश्न. माझ्या हाताखालून गेलेल्या एका यंत्राच्या पुस्तिकेत सुरक्षेची सूचना होती: ‘तुळई मोडल्यास यंत्र आपोआप थांबेल.’ मूळ मजकूर उजेडाच्या पडद्याचा होता. यंत्राच्या तोंडाशी अदृश्य प्रकाशाची शलाका असते, कामगाराचा हात आडवा आला की ती खंडित होते आणि यंत्र थांबतं. भाषांतर करणाऱ्याने कोश उघडला, पहिला अर्थ उचलला. म्हणून शब्द निवडण्याआधी पाहायचं ते हे, की हा बीम वजन वाहतो, उजेड वाहतो, की नुसतं माप सांगतो. ‘खंडित होणं’, ‘अडणं’ ही क्रिया उजेडाची, ‘मोडणं’, ‘तडकणं’, ‘वाकणं’ ही लाकूड-लोखंडाची.

बांधकामात ‘बीम’ हाच शब्द ठेवावा असं माझं मत. साइटवर सगळे तोच म्हणतात, आणि काँक्रीटच्या बीमला तुळई म्हटलं की गवंडी तुमच्याकडे बघत राहतो. लाकडी छताबद्दल लिहिताना मात्र तुळई, आणि तिथे काटेकोर राहावं: खांबांवर आडवी मुख्य ती तुळई, शिखरावरचं आढं, आढ्यावरून उतरणारे ते वासे. ‘खाल्ल्या घरचे वासे मोजणे’ या म्हणीतले वासे म्हणजे बीम नव्हेत. उजेडाला शाळेच्या पुस्तकात ‘शलाका’ ठीक, पण टॉर्चला, दीपगृहाला झोतच. फटीतून आत पडलेल्या उन्हाला कवडसा, तिरकी आली तर तिरीप. हे दोन शब्द इतके नेमके आहेत की त्यांच्या जागी ‘सूर्यप्रकाशाचा बीम’ लिहिणाऱ्याला मी दंड करीन. गाडीच्या दिव्याला अप्पर आणि डिप्पर रूढ आहे, त्याला ‘उच्च शलाका’ करू नका. जहाजाला सरळ रुंदी. तराजूला दांडी. हसणाऱ्या चेहऱ्यासाठी इंग्रजीत बीम हे क्रियापद आहे, तिथे आपला चेहरा उजळतो किंवा खुलतो, झोत टाकत नाही.

बायबलमधलं वचन भाषांतरात आलं तर काम आयतं झालेलं आहे. भावाच्या डोळ्यातली काडी दिसते, स्वतःच्या डोळ्यातला बीम दिसत नाही, असं ते वाक्य. आपल्याकडे कुसळ आणि मुसळ आहेतच, शिवाय यमकासकट. मुसळ तुळईएवढं मोठं नसतं, पण डोळ्यात घालायला पुरेसं आहे.

राहिली झाडांची नावं. हॉर्नबीम आणि व्हाइटबीम ही युरोपातली झाडं. त्यांच्या नावात बीम म्हणजे अजूनही झाडच आहे, तुळई नाही आणि उजेडही नाही. तिथे भाषांतराच्या भानगडीत न पडता नाव जसंच्या तसं लिहावं.